शंभर सीसीचे गणित

पावसाळा संपला की केळव्याच्या रस्त्यावर शनिवार-रविवारी दोन प्रकारच्या मोटारसायकली दिसू लागतात. एक प्रकार मुंबईहून आलेल्यांचा. टाकी रुंद, टायर जाड, इंजिन तीनशे-चारशे सीसीपासून थेट हजार सीसीपर्यंत. दुसरा प्रकार इथलाच आणि बारमाही. शंभर-सव्वाशे सीसीची, गोल दिव्याची, सरळ आसनाची गाडी. मागे वाडीतल्या भाजीची किंवा विड्याच्या पानांची करंडी बांधलेली. माहीम, पालघर, बोईसर अशी रोजची ये-जा ती करते. शीतलादेवीच्या देवळापासून सुरूच्या बनाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर हे दोन्ही प्रकार एकाच वेगाने चालतात, कारण त्या रस्त्याला दुसरा वेग परवडतच नाही.

आठवी-नववीच्या वर्गातील मुलांना विचारा, यांतली चांगली गाडी कोणती? बहुतेक हात मोठ्या गाडीसाठी वर होतील. पण कोणत्या कामासाठी चांगली, असा पुढचा प्रश्न विचारला की चर्चा खऱ्या अर्थाने विज्ञानाची होते. गेल्या काही वर्षांत अनेक अनुभवी चालक मोठ्या, शक्तिशाली गाड्यांकडून पुन्हा लहान आणि साध्या, जुन्या घडणीच्या गाड्यांकडे वळताना दिसतात. याला केवळ जुन्या आठवणींचे प्रेम म्हणून चालणार नाही. त्यामागे बल, शक्ती आणि उष्णता यांचे साधे नियम आहेत आणि ते सर्व शालेय अभ्यासक्रमात बसणारे आहेत.

सीसी म्हणजे काय?

सीसी म्हणजे घनसेंटिमीटर. सिलिंडरमध्ये दट्ट्या खालपासून वरपर्यंत सरकताना जेवढी जागा व्यापतो, तिचे हे घनफळ. १९८५ साली भारतात आलेल्या हिरो होंडा सीडी १०० या गाडीच्या सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ४९.५ मिलिमीटर होती. वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र वापरून विद्यार्थ्यांना उत्तर काढू द्या. ते ९७.२ घनसेंटिमीटर येते. जुन्या ३५० सीसी बुलेटचा व्यास ७० आणि धाव ९० मिलिमीटर. उत्तर येते ३४६. नावातला आकडा जवळपासचा पूर्णांक असतो, हे मुलांना अशा रीतीने स्वतःच कळते.

सिलिंडर मोठा म्हणजे प्रत्येक फेरीला हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण जास्त, म्हणून मिळू शकणारी शक्तीही जास्त. शंभर सीसीची साधी गाडी साडेसात-आठ अश्वशक्ती देते. हजार सीसीच्या शर्यती घडणीच्या गाड्या दोनशे अश्वशक्तीच्या आसपास जातात. आता प्रश्न असा, की आपल्याला लागते किती?

रस्ता किती शक्ती मागतो?

सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाणाऱ्या गाडीला दोन विरोधांवर मात करावी लागते. पहिला, चाके रस्त्यावर फिरताना होणारा विरोध. तो साधारणपणे गाडी आणि माणूस यांच्या एकूण वजनाच्या दोन टक्के धरता येतो आणि वेगाने फारसा बदलत नाही. दुसरा हवेचा विरोध. तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. गाडी ११५ किलोची आणि चालक ६५ किलोचा, म्हणजे एकूण १८० किलो वस्तुमान घेऊ. सरळ बसलेल्या चालकासह गाडीसाठी हवेचा विरोध (न्यूटनमध्ये) सुमारे ०.३६ गुणिले वेगाचा वर्ग (वेग मीटर प्रतिसेकंद) एवढा येतो. विरोधाला वेगाने गुणले की शक्ती मिळते. ७४६ वॅट म्हणजे एक अश्वशक्ती.

| वेग (किमी/तास) | चाकांचा विरोध (न्यूटन) | हवेचा विरोध (न्यूटन) | लागणारी शक्ती (किलोवॅट) | अश्वशक्ती |
|---|---|---|---|---|
| ४० | ३६ | ४४ | ०.९ | १.२ |
| ६० | ३६ | १०० | २.३ | ३.० |
| ८० | ३६ | १७८ | ४.८ | ६.४ |
| १०० | ३६ | २७८ | ८.७ | ११.७ |
| १२० | ३६ | ४०० | १४.५ | १९.५ |

हे आकडे अंदाजी आहेत. चालकाची उंची, कपडे, वारा यांनुसार ते बदलतील. पण कोष्टक पुष्कळ काही सांगते. केळवे ते पालघर हा प्रवास ताशी चाळीसच्या वेगाने करायला सव्वा अश्वशक्ती पुरते. ताशी साठला तीन लागतात. शंभर सीसीच्या इंजिनाची साडेसात-आठ अश्वशक्ती, त्यातून गिअर आणि चेन यांतील घट वजा करा, आणि कोष्टकात पाहा. गाडी ताशी ऐंशीच्या थोडे पुढे जाऊन थांबली पाहिजे. प्रत्यक्षातही या गाड्यांचा कमाल वेग तेवढाच असतो.

चढाचे काय, असे कोणी विचारील. पालघरहून मनोरकडे जाताना वाघोबा खिंड लागते. दर शंभर मीटरला सात मीटर असा चढ धरू. गाडीवर दोन माणसे, एकूण २४० किलो. वजनाचा चढाच्या दिशेने येणारा भाग १६८ न्यूटन, चाकांचा विरोध ४८, ताशी चाळीसला हवेचा ४४, एकूण २६०. शक्ती २.९ किलोवॅट, म्हणजे चार अश्वशक्तीच्या आत. खालचा गिअर टाकून शंभर सीसीची गाडी हा चढ चढते, तो याच कारणाने.

मोठ्या गाडीची जास्त शक्ती प्रत्यक्षात वापरात येते ती दोन ठिकाणी: झटकन वेग घेताना आणि ताशी शंभरच्या पुढे. वेग दुप्पट झाला की हवेपुरती लागणारी शक्ती आठपट होते. या आठपटीसाठीच मोठे इंजिन असते. ज्या रस्त्यावर तो वेग घेताच येत नाही, तिथे त्या इंजिनाचा दीड-दोन टक्के भागच कामाला येतो.

रिकामे इंजिन महाग का पडते?

न वापरलेली शक्ती फुकट पडून राहिली तर बिघडले काय? बिघडते ते पेट्रोलच्या हिशेबात. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते. ताशी ४५ च्या वेगाने जाताना आपल्या गाडीला सुमारे ९२ न्यूटन विरोध होतो. म्हणजे एका किलोमीटरला ९२ किलोज्यूल कार्य. लिटरला साठ किलोमीटर मिळाले तर उपयोगी कार्य झाले साडेपाच मेगाज्यूल, म्हणजे पेट्रोलच्या ऊर्जेपैकी सुमारे १७ टक्के. बाकीची उष्णता होऊन गेली.

हजार सीसीची गाडी गावातल्या रस्त्यावर लिटरला पंधरा-वीस किलोमीटर देते. तिचे वजन जास्त, म्हणून किलोमीटरला ११० किलोज्यूल धरले तरी अठरा किलोमीटरचे कार्य होते दोन मेगाज्यूल. फक्त सहा टक्के. इंजिनाची घडण अधिक प्रगत असूनही ही घसरण का होते?

एक कारण घर्षण. चार मोठे दट्टे, त्यांच्या कड्या, झडपा, बेअरिंगे हे सारे फिरवायला काही ठराविक ऊर्जा लागतेच. काम थोडे असले तरी ती कमी होत नाही. दुसरे कारण मुलांना करून दाखवण्याजोगे आहे. सुई नसलेली इंजेक्शनची पिचकारी घ्या, तोंड बोटाने जवळजवळ बंद करा आणि दट्ट्या मागे ओढा. जोर लागतो. थोडी शक्ती हवी असते तेव्हा पेट्रोल-इंजिनात हवेच्या वाटेवरचे झाकण जवळजवळ मिटलेले असते आणि प्रत्येक दट्ट्याला अशीच कमी दाबाची हवा ओढावी लागते. पिचकारीचा दट्ट्या सोडला की तो आपोआप मागे जातो, आपली ऊर्जा परत मिळते. इंजिनात मात्र जळालेला वायू बाहेरच्या पूर्ण दाबाविरुद्ध ढकलायचा असतो, त्यामुळे ओढण्यासाठी घातलेली ऊर्जा परत येत नाही. इंजिन जितके गरजेपेक्षा मोठे, तितके झाकण अधिक मिटलेले, तितका हा दंड अधिक. लहान इंजिन त्याच रस्त्यावर आपल्या क्षमतेच्या बऱ्याच वरच्या भागात चालते, म्हणून ते काटकसरी असते.

प्रयोगशाळेत चिमूटभर पदार्थ तोलायला कोणी धान्याचा काटा वापरत नाही. काटा चांगला असतो, पण त्या कामाला तो योग्य मापाचा नसतो. इंजिनाचेही तसेच आहे.

लहान वस्तू लवकर निवते

लहान इंजिन साधे राहू शकते याचे मूळ भूमितीत आहे. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर आणि घनफळ १ घनसेंटिमीटर. बाजू दुप्पट करा. पृष्ठफळ २४, घनफळ ८. पहिल्या घनात दर घनसेंटिमीटरमागे ६ चौरस सेंटिमीटर पृष्ठ, दुसऱ्यात फक्त ३. उष्णता निर्माण होते ती ढोबळमानाने घनफळाच्या प्रमाणात, बाहेर पडते ती पृष्ठभागातून. म्हणून मोठा बटाटा आतून उशिरा निवतो आणि लहान लगेच.

शंभर सीसीच्या इंजिनाला सिलिंडरभोवतीच्या धातूच्या पात्या आणि समोरून येणारा वारा एवढे पुरते. जास्त शक्तीच्या इंजिनाला पाणी खेळवावे लागते. मग रेडिएटर, पंप, पंखा, रबरी नळ्या, तापमान पाहणारे यंत्र हे सारे आले. प्रत्येक भाग म्हणजे वजन, खर्च आणि बिघाडाची एक नवी जागा. समुद्रकाठी याला आणखी अर्थ आहे. खाऱ्या दमट हवेत लोखंड गंजते, विजेच्या जोडांवर हिरवट थर चढतो. खारी हवा लहान-मोठी गाडी ओळखत नाही. पण ज्या गाडीत जोड कमी, तिच्यात गंजण्यासारखे कमी असते आणि जे गंजते ते गावातल्या मेकॅनिकला उघडून दुरुस्त करता येते.

ठोक्यांचा आवाज आणि सावकाश ओढ

जुन्या घडणीच्या गाडीचा आवाज लोकांना का आवडतो, हाही भौतिकीचा प्रश्न आहे. चार-स्ट्रोक इंजिनात एका सिलिंडरमध्ये दर दोन फेऱ्यांमागे एक स्फोट होतो. एका सिलिंडरचे इंजिन मिनिटाला हजार फेऱ्यांनी नुसते चालू असेल तर मिनिटाला ५०० ठोके, सेकंदाला आठ. सेकंदाला सुमारे वीसपेक्षा कमी ठोके आपल्याला सुटेसुटे ऐकू येतात. म्हणून बुलेटचा 'धक् धक्' असा आवाज. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्या घेत असेल तर सेकंदाला शंभर स्फोट होतात आणि ते एकमेकांत मिसळून एक सलग सूर होतो. एकात यंत्राचे काम मोजता येते, दुसऱ्यात ते ऐकू येऊनही मोजता येत नाही.

ओढीचेही असेच आहे. शक्ती म्हणजे पीळ (टॉर्क) गुणिले फिरण्याचा वेग. चाकणच्या कारखान्यातून २०१३ साली बाजारात आलेल्या केटीएम ३९० ड्यूकचे इंजिन ३७३ सीसीचे आणि शक्ती सुमारे ४३ अश्वशक्ती. २०२१ सालच्या रॉयल एनफील्ड क्लासिकचे इंजिन ३४९ सीसीचे, शक्ती फक्त वीस. घनफळ जवळपास सारखे असून शक्ती निम्म्याहून कमी का? कारण पहिले इंजिन नऊ हजारांहून अधिक फेऱ्यांवर आपली पूर्ण शक्ती देते, दुसरे सहा हजारांच्या आसपास. पण दुसऱ्याचा सर्वांत मोठा पीळ चार हजार फेऱ्यांनाच मिळतो. बैलगाडीच्या मागून हळू चालताना, खड्ड्यातून बाहेर काढताना, वारंवार गिअर न बदलता गाडी ओढते ती यामुळे. जाहिरातीत कमाल अश्वशक्ती छापलेली असते. ती किती फेऱ्यांवर मिळते, हा आकडा त्याच्याच शेजारी बारीक अक्षरांत असतो. तो वाचायला मुलांना शिकवले पाहिजे.

साधेपणाची परंपरा, आणि तिची दुसरी बाजू

लहान इंजिनाची कल्पना गरिबीची तडजोड म्हणून जन्मली खरी, पण ती जगभर टिकली ती गुणांवर. जपानमध्ये १९५८ साली होंडाने ४९ सीसीची सुपर कब आणली. या घराण्यातील गाड्यांची संख्या २०१७ साली दहा कोटींवर गेली. एवढ्या संख्येने दुसरे कोणतेही मोटारवाहन बनलेले नाही. आपल्याकडे कायनेटिक इंजिनिअरिंगची ५० सीसीची लूना १९७२ साली आली आणि महाराष्ट्रातील कितीतरी शिक्षक, पोस्टमन, दूधवाले तिच्यावर फिरले. पुढे १९८५ च्या सुमारास शंभर सीसीच्या गाड्यांची लाट आली आणि तिने ग्रामीण भागाचे अंतरच कमी केले.

मात्र जुने ते सारे चांगले असे समजणे विज्ञानाला धरून होणार नाही. लूना, येझदी, राजदूत, आरएक्स १०० ही सारी दोन-स्ट्रोक इंजिने होती. झडपा नाहीत, हलते भाग मोजके. साधेपणात त्यांचा हात कोणी धरला नसता. पण त्यांत ताजे मिश्रण आत येताना त्याचा काही भाग न जळताच धुराबरोबर बाहेर निसटतो. पेट्रोलचा हा वाटा पाव ते एक तृतीयांशापर्यंत जाऊ शकतो, आणि त्यात मिसळलेले वंगण निळसर धूर होऊन आपल्या फुप्फुसांत जाते. ही इंजिने गेली याचे दुःख करण्याचे कारण नाही. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ या निकषांमुळे लहान गाड्यांतही कार्बोरेटरच्या जागी इलेक्ट्रॉनिक इंधनफवारा आला. गावच्या मेकॅनिकचे काम थोडे अवघड झाले. हवा मात्र स्वच्छ झाली.

लहान गाडीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. मनोरजवळच्या मुंबई-अहमदाबाद महामार्गावर अवजड वाहने ताशी सत्तर-ऐंशीने धावतात. तिथे शंभर सीसीच्या गाडीजवळ पुढे निघण्यापुरती शक्ती शिल्लक नसते. शेजारून ट्रक गेला की हलकी गाडी वाऱ्याने डगमगते. रोज महामार्गावर जाणाऱ्याने थोडी मोठी, चांगल्या ब्रेकची गाडी घेणे हेच शहाणपणाचे. प्रश्न पुन्हा कामाच्या मापाचाच आहे.

थांबायला किती अंतर लागते?

हा भाग वर्गात अवश्य घ्यावा. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातो असे धरू, आणि चांगल्या कोरड्या रस्त्यावर ब्रेकने वेग दर सेकंदाला ५ मीटर प्रतिसेकंद एवढा कमी होतो असे मानू. ताशी ४० ला पहिल्या सेकंदात ११ मीटर आणि ब्रेक लावल्यावर १२ मीटर. एकूण २३ मीटर. ताशी ८० ला २२ आणि ४९. एकूण ७१ मीटर. वेग दुप्पट, अंतर तिपटीहून अधिक. वाडीच्या कुंपणांमधून वळत जाणाऱ्या रस्त्यावर समोरचे सत्तर मीटर दिसतात का, हे मुलांनीच पावलांनी मोजून यावे. वाळू सांडलेल्या जागी ब्रेकची पकड आणखी कमी होते, तेव्हा हे आकडे वाढतात.

भारतात २०२२ या एका वर्षात रस्ते-अपघातांत सुमारे १ लाख ६८ हजार माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. बारावी झाली की मोठी गाडी हवी असा हट्ट धरणारी मुले आपल्याच वर्गातून गेलेली असतात. त्यांना नुसते 'हळू चालव' म्हणून सांगण्यापेक्षा हे कोष्टक त्यांच्या हातून भरून घ्यावे. स्वतः काढलेले उत्तर मुले सहसा विसरत नाहीत.

विजेच्या गाडीलाही हेच गणित

फेब्रुवारी २०२४ मध्ये लूना विजेवर चालणारी होऊन परत आली. इंधन बदलले तरी रस्त्याचा आणि हवेचा विरोध बदलत नाही. दोन युनिट, म्हणजे ७२०० किलोज्यूल साठवणारी बॅटरी घ्या. वरच्याच वजनाची गाडी ताशी ४० ने जाताना किलोमीटरला ८० किलोज्यूल लागतात. वीस टक्के घट धरली तर शंभर. गाडी ७२ किलोमीटर जाईल. तीच ताशी ८० ने नेली तर जेमतेम २७. पेट्रोलच्या टाकीत ऊर्जा इतकी भरपूर असते की उधळपट्टी लक्षात येत नाही. बॅटरी मात्र रोज संध्याकाळी हिशेब मागते. त्यामुळे योग्य मापाची गाडी निवडण्याचे महत्त्व पुढच्या काळात वाढणारच आहे.

वर्गात करून पाहण्यासाठी

१. शाळेच्या सपाट आवारात एखाद्या शिक्षकाची मोटारसायकल न्यूट्रलमध्ये ठेवा, मोठा ताणकाटा अडकवून अगदी सावकाश, एकसारख्या गतीने ओढा आणि बल नोंदवा. मग टायरमधली हवा थोडी कमी करून पुन्हा मोजा. हवा परत भरायला विसरू नये.

२. एक मोठा आणि एक लहान बटाटा एकत्र उकडा. दोन्हींत तापमापी खोचून दर दोन मिनिटांनी तापमान लिहा आणि आलेख काढा.

३. गावातील पाच गाड्यांच्या माहितीपत्रकांवरून व्यास आणि धाव मिळवा, घनफळ काढा, आणि कमाल अश्वशक्ती व कमाल पीळ किती फेऱ्यांवर मिळतात ते शेजारी लिहा.

४. प्रत्येक विद्यार्थ्याने घरातील गाडीच्या एका आठवड्याच्या फेऱ्या लिहून काढाव्यात: अंतर, साधारण वेग, बरोबर किती माणसे, किती ओझे. कोष्टक वापरून त्या आठवड्यात सर्वांत जास्त शक्ती केव्हा लागली ते शोधावे. ती आणि गाडीच्या इंजिनाची शक्ती यांचा भागाकार करावा. येणाऱ्या उत्तरावर घरी चर्चा झाली, तर धडा शाळेबाहेर पोचला असे समजावे.